कुस्तीचा पोशाख

कुस्तीचा पोशाख : कुस्ती खेळताना मल्ल परिधान करतो ते वस्त्र. महाराष्ट्रात या पोशाखाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. मातीच्या हौद्यातील पारंपरिक कुस्तीसाठी लंगोट व त्यावर जांघिया, हा पहिला. आणि गादीवरील आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीसाठी खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, हा दुसरा. या दुसऱ्या पोशाखाला मल्लांच्या बोलण्यात ‘कॉस्च्यूम’ असेच म्हणतात. स्पर्धेत कोणत्या वस्त्रास अनुज्ञा असावी, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. तथापि कुस्तीच्या बाबतीत तो पकडीचा, निर्णयपद्धतीचा आणि खेळाची दारे कोणाला खुली राहतात याचाही आहे. सातारा-सांगली भागातील कुस्तीच्या इतिहासात या तिन्ही अंगांचा प्रत्यय येतो.

कुंडल व परिसर : कुंडल हे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील गाव पूर्वी औंध संस्थानात होते. संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर पुरस्कार केला व संस्थानातील शाळांतून तो रूढ केला. १९१० मध्ये कुंडल रोड रेल्वेस्थानकाजवळच्या माळावर त्यांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे १९६० मध्ये ‘सांगली’ असे नामांतर झाले. कुंडलचे कुस्तीमैदान ‘महाराष्ट्र कुस्ती मैदान’ या नावाने ओळखले जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व सोलापूर या भागांतील तालमींचे आणि उत्तर भारतातील आखाड्यांचे मल्ल तेथे येतात. तेथील कुस्ती मातीत होते. हलगीच्या तालावर जोडी हौद्यात उतरते आणि प्रेक्षकांची अपेक्षा निकाली कुस्तीची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चीतपट करण्याची असते. अशा मैदानात लंगोट-जांघियाचा पोशाख स्वाभाविक मानला जातो.

पारंपरिक पोशाख : लंगोट हा त्रिकोणी कापडाचा व लांब पट्टीचा असून कमरेभोवती बंदांनी आवळून बांधतात. त्यामुळे नाजूक अवयवांना आधार मिळतो व जोराच्या हालचालीत इजा होण्याचा संभव कमी होतो. त्यावर चढवावयाचा जांघिया जाड कापडाचा व घट्ट शिवणीचा असतो. उरलेले शरीर उघडे ठेवण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. हौद्यातील तांबडी माती चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबू इ. पदार्थ मिसळून ती मऊ केलेली असते. लढतीत अंग घामाने निसरडे झाले, की मल्ल आपल्या व प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर माती टाकतो. माती घाम शोषून घेते व पकड पुन्हा बसते. अंगात वस्त्र असते, तर ते मातीने व घामाने जड झाले असते आणि मातीचा हा उपयोगही साधला नसता.

जांघिया हे केवळ आच्छादन नव्हे, तर पकडीचे साधनही आहे. पारंपरिक कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या जांघियाला हात घालून त्याला उचलणे किंवा खाली बसलेल्या मल्लास मागून उलटविणे नियमबाह्य मानले जात नाही. बचावाची तंत्रेही याच शक्यतेवर बेतलेली आहेत. म्हणून जांघिया कसून बांधलेला असणे हे मल्लाच्या तयारीचे लक्षण समजले जाते. वस्त्र बदलले, की हे डाव व त्यांवरील तोड दोन्ही निरुपयोगी ठरतात.

लंगोटाला धार्मिक व नैतिक अर्थही आहे. मारुती हे तालमीचे दैवत असून लंगोट हे ब्रह्मचर्याचे व संयमाचे प्रतीक मानले जाते. नव्या मुलाला वस्तादाच्या हातून लंगोट मिळणे म्हणजे त्याचा तालमीत प्रवेश होणे होय. जात, वर्ग व संपत्ती यांची बाह्य चिन्हे हौद्याबाहेर उतरवून ठेवली जात असल्याने या पोशाखात एक प्रकारची समानताही आहे. त्याचा खर्चही अल्प असतो. शेतकरी किंवा मजूर कुटुंबातील मुलाला तो परवडतो.

गादीवरील पोशाख : आंतरराष्ट्रीय कुस्तीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकसंध घट्ट पोशाख हळूहळू रूढ झाला. प्रचलित नियमांनुसार दोघा स्पर्धकांपैकी एकाने लाल व दुसऱ्याने निळा पोशाख घालावयाचा असतो. पायांत टाच नसलेले व घोट्याला आधार देणारे बूट आवश्यक असतात. अंगाला तेलकट किंवा चिकट पदार्थ लावण्यास, तसेच प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरण्यास मनाई असते. या नियमांची संगती निर्णयपद्धतीशी आहे. गादीवर चीतपट करून विजय मिळत असला, तरी बहुसंख्य लढती गुणांवर ठरतात. गुण कोणत्या मल्लाला दिला हे पंच व प्रेक्षक यांना तत्काळ कळावे, यासाठी रंगभेद उपयोगी पडतो. पकड वस्त्रावर न बसता शरीरावरच बसावी, म्हणून पोशाख घट्ट व धरण्यास अयोग्य असा ठरविण्यात आला. तात्पर्य, मातीतील वस्त्र पकडीला वाव देते, तर गादीवरील वस्त्र तिला आपल्यापासून दूर ठेवते. दोन्ही पोशाख आपापल्या खेळाशी सुसंगत आहेत.

स्थित्यंतर : या दोन पद्धतींतील अंतर खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–८४) यांच्या कारकीर्दीत स्पष्ट दिसते. सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर हे त्यांचे जन्मगाव. मातीत घडलेल्या या मल्लाला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी गादी, आंतरराष्ट्रीय नियम व पोशाख यांच्याशी प्रथमच जुळवून घ्यावे लागले; तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपत आंदळकर व कवठेपिरानचे मारुती माने यांनी सुवर्णपदके मिळविली. मातीत तयार झालेले शरीर व चपळाई गादीवरही यश देऊ शकते, हे या मल्लांनी सिद्ध केले. त्याचबरोबर, त्यासाठी पकडीच्या काही सवयी सोडाव्या लागतात, हेही स्पष्ट झाले.

१९६१ पासून भरविण्यात येणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत कालांतराने माती व गादी असे दोन विभाग करण्यात आले. दोन्ही विभागांतील विजेत्यांमध्ये किताबाची लढत होते. या व्यवस्थेने दोन्ही परंपरांना मान मिळाला. तथापि दोन प्रकारच्या पृष्ठभागांवर, नियमांत व पोशाखांत सराव करण्याचा भार मल्लावर पडला. गादी, बूट व पोशाख यांचा खर्च लहान गावातील तालमींना जड जातो. ज्या मुलाला हे साहित्य वेळेवर मिळत नाही, तो राष्ट्रीय निवडचाचणीत मागे पडतो. उलटपक्षी, गादीवरच घडलेल्या मल्लाला कुंडलसारख्या मैदानातील निकाली कुस्ती अपरिचित वाटते. पोशाखाचा वाद अनेकदा प्रतिष्ठेच्या भाषेत मांडला जातो. एका पक्षाला लंगोट मागासलेपणाचा वाटतो, तर दुसऱ्याला कॉस्च्यूम परकीय वाटतो. साहित्य व सराव यांची मूळ अडचण मात्र त्यात झाकली जाते.

तुलना : वस्त्र हाच पकडीचा आधार असलेले मल्लविद्येचे प्रकार अन्यत्रही आढळतात. जपानमधील सुमोमध्ये कमरेच्या ‘मावाशी’ या पट्ट्याला धरून डाव केले जातात. तुर्कस्तानातील तेलकुस्तीत मल्ल ‘किस्पेत’ ही चामड्याची विजार घालतो व प्रतिस्पर्धी तीत हात घालून पकड घेतो. स्वित्झर्लंडमधील ‘श्विंगन’ या प्रकारात नेहमीच्या विजारीवर जाड तागाची तोकडी विजार चढवितात व तिलाच धरून झुंज होते. या प्रकारांत पोशाख बदलणे म्हणजे खेळच बदलणे होय. त्याउलट, ज्यूदोमध्ये १९९७ मध्ये पारंपरिक पांढऱ्या पोशाखाबरोबर निळ्याला मान्यता मिळाली, तेव्हा जपानमधून विरोध झाला. परंतु कापडाची ठेवण व पकड तीच राहिल्याने खेळाचे स्वरूप बदलले नाही आणि स्पर्धक ओळखणे सोपे झाले. रंगाचा नियम व रचनेचा नियम यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील शालेय कुस्तीत २०१७ मध्ये एकसंध पोशाखाऐवजी तोकडी विजार व घट्ट सदरा असा दोन भागांचा पोशाख घालण्याची मुभा देण्यात आली. अंगासरशा पोशाखाच्या संकोचामुळे मुले खेळापासून दूर राहतात, असे त्यामागील एक कारण होते. ज्या पोशाखाला भारतात आधुनिक व सभ्य मानले गेले, तोच अन्यत्र संकोचकारक ठरावा, यावरून सभ्यतेच्या कल्पना देशपरत्वे किती भिन्न असतात हे ध्यानात येते.

ज्या खेळात वस्त्राचा तंत्राशी संबंध नाही, तेथे पोशाखनियम केवळ परंपरेवर उभा असतो. व्यावसायिक गोल्फ हे याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक मालिकेत १९९९ मध्ये उष्म्याने एक कॅडी कोसळल्यानंतर कॅडींना तोकड्या विजारीची परवानगी मिळाली. खेळाडूंना मात्र ती सरावफेऱ्यांपुरती २०१९ मध्ये देण्यात आली आणि प्रत्यक्ष स्पर्धेत लांब विजारीचा नियम त्या वेळी कायम ठेवण्यात आला. यूरोपीय मालिकेने सरावफेऱ्यांसाठी अशी सवलत २०१६ मध्येच दिली होती, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या एका नव्या मालिकेने त्याच वर्षी स्पर्धेतही तोकडी विजार मान्य केली. एकाच उन्हात, एकाच मैदानावर चालणाऱ्या दोन व्यक्तींसाठी वीस वर्षे निराळा नियम राहिला. त्याचे कारण खेळाच्या गरजेत नव्हे, तर दर्जाच्या कल्पनेत होते.

महिला कुस्ती : स्त्रियांच्या प्रवेशाने पोशाखाच्या प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. महिलांची पहिली जागतिक कुस्तीस्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत झाली व २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. लंगोट-जांघिया व उघडे अंग या कल्पनेभोवती उभ्या राहिलेल्या तालमीच्या विश्वात मुलींना स्थान नव्हते. गादीवरील एकसंध पोशाखाने ती अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडी यांनी किताब पटकाविला. ज्या जिल्ह्यात मातीतील पुरुषांची कुस्ती एवढी रुजली, तेथेच हा प्रारंभ व्हावा, ही उल्लेखनीय घटना होय. हौशी सुमोमध्ये स्त्रिया अंगासरशा पोशाखावर मावाशी बांधतात. मूळ पकड राखून नव्या खेळाडूंना सामावून घेता येते, हे त्यावरून दिसते. मात्र स्त्रियांवर ठराविक पोशाख लादण्याचे प्रसंगही घडले आहेत. २०२१ मध्ये यूरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत ठरवून दिलेल्या आखूड वस्त्राऐवजी तोकडी विजार घातल्याबद्दल नॉर्वेच्या महिला संघास १,५०० यूरो दंड झाला. टीकेनंतर तो नियम बदलण्यात आला व नवा नियम २०२२ पासून लागू झाला.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून स्पर्धेतील पोशाखनियमांची तीन वैध प्रयोजने दिसून येतात : इजा टाळणे, दोन्ही बाजूंना समान संधी देणे व स्पर्धक ओळखता येणे. गादीवर जांघियाची अनुज्ञा द्यावी, अशी मागणी या कसोटीवर टिकत नाही; कारण त्यामुळे वस्त्र धरण्याचा प्रश्न उद्भवतो व एका मल्लाला अवाजवी लाभ मिळू शकतो. त्याच न्यायाने मातीच्या मैदानात एकसंध पोशाखाची सक्ती करणेही असमर्थनीय ठरते. तेथे जांघियाची पकड हा खेळाचा मान्य भाग आहे व उघड्या अंगावरील माती हे खेळाचे साधन आहे. नियम वस्त्राच्या प्रतिष्ठेवरून न ठरविता, ते वस्त्र त्या खेळात कोणते कार्य करते यावरून ठरविणे इष्ट होय. दोन्ही प्रकारांत उतरू इच्छिणाऱ्या ग्रामीण मल्लाच्या दृष्टीने मात्र पोशाखाच्या निवडीपेक्षा गादी, साहित्य व मार्गदर्शक यांची गावातच उपलब्धता अधिक निर्णायक ठरते. जाधव यांना जे जुळवून घेणे परदेशातील स्पर्धेच्या तोंडावर करावे लागले, ते पुढच्या पिढीला तालमीतच करता यावे, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध आहे.