नरसिंहाचा पत्ता

पत्त्यांची जादू करणाऱ्याला प्रेक्षकांचा एक अनुभव हमखास येतो. प्रेक्षक पत्ता काढतो, पाहतो, परत ठेवतो आणि विसरतो. मी त्याचा पत्ता शोधून त्याच्यासमोर धरतो, तर तो शेजाऱ्याकडे पाहून विचारतो, "किलवरची सत्ती होती की अठ्ठी?" जादू तिथंच संपते. चूक त्याची नसते. सत्ती आणि अठ्ठी यांच्यात लक्षात ठेवण्यासारखं असतं तरी काय?

मी अकोल्याचा. तीस वर्षांहून अधिक काळ हा छंद करतो आहे. जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहायला माणसं तिकीट काढून नाट्यगृहात जात. माझं काम तसलं नाही. लग्नघरी, शाळेच्या स्नेहसंमेलनात, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरच्या डब्यात, समोरच्या माणसापासून हातभर अंतरावर बसून करायची ही जादू. पडदा नाही, दिवे नाहीत, पेटी नाही. पत्त्यांचा एक कॅट आणि दोन हात. इथं प्रेक्षकाची आठवण हाच खेळाचा अर्धा भाग असतो.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ध्यानात आली होती. सत्ती-अठ्ठी विसरणारी माणसं राजा, राणी, गुलाम सहसा विसरत नाहीत. चित्र लक्षात राहतं. मग सगळेच पत्ते चित्रांचे असले तर? हा विचार मला फार नवा वाटला होता. तो चारशे वर्षांपूर्वी अकबर बादशहाला सुचून गेला होता, हे पुढे कळलं.

अबुल फजलचा 'आईन-इ-अकबरी' हा ग्रंथ आपल्या भागातल्या अभ्यासकांना ठाऊक असतो तो वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनासाठी. एलिचपूर, गाविलगड, नरनाळा, लोणार ही सगळी आपली ठिकाणं त्यात भेटतात. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे आला आणि १५९९ साली अबुल फजल स्वतः दख्खनेत उतरला. त्याच ग्रंथात, सुभ्यांच्या आणि महसुलाच्या भाराखाली, बादशहाच्या खेळांचं एक छोटंसं प्रकरण आहे. त्यात गंजिफा आहे.

गंजिफा म्हणजे आपल्याकडचे जुने, बहुधा गोल पत्ते. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अबुल फजल सांगतो तो डाव बारा रंगांचा. प्रत्येक रंगात बारा पत्ते, म्हणजे एकूण १४४. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती असे एकेका रंगाचे राजे. गजपती म्हणजे ओरिसाच्या राजासारखा हत्तींचा धनी, नरपती म्हणजे विजापूरच्या सुलतानांसारखा पायदळाचा धनी. म्हणजे पत्त्यांतही दख्खनचं राजकारण होतंच.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागात. अकबरानं या पत्त्यांत फेरफार केले. धनपतीच्या रंगात राजा द्रव्य वाटतो आहे, वजीर खजिना तपासतो आहे. आणि उरलेल्या दहा पत्त्यांवर नुसते ठिपके किंवा नाणी न काढता खजिन्यात काम करणारी दहा प्रकारची माणसं काढली: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणं पाडणारा, मोहरा मोजणारा. फर्मानांच्या रंगात कागद करणारा आला, रेघा आखणारा आला, पुस्तक बांधणारा आला. खेळणाऱ्यानं 'पाच' टाकायचा नाही, तोलणारा टाकायचा! ज्या माणसांची नावं कुठल्याही बखरीत येत नाहीत, ती बादशहाच्या हातातल्या पत्त्यांवर येऊन बसली.

पण हे मी फार उशिरा वाचलं. त्याआधी चित्रांच्या पत्त्यांसाठी मी गेलो तो सावंतवाडीला. तिथल्या चितारी घराण्यांनी दशावतारी गंजिफा रंगवण्याची कला टिकवली होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती जवळजवळ विझली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच काम सुरू करून ती पुन्हा उभी केली. २०२४ साली या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, असे १२० पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करणार, रात्री बसलं तर कृष्णवाला.

ते पत्ते हातात घेतल्यावर माझी तीस वर्षांची हातचलाखी एका क्षणात निकामी झाली, ते सांगायला हवं. चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवून, घोटून, वर लाखेचा हात दिलेले ते पत्ते जाड असतात. वाकत नाहीत. नेहमीसारखे पिसता येत नाहीत, चादरीवर पालथे पसरून मिसळावे लागतात. पण एक लाभ अनपेक्षित होता. गोल पत्त्याला वरची बाजू नसते, म्हणून काढलेला पत्ता बहुतेक वेळा तिरपा किंवा उलटा येतो आणि पाहणारा तो फिरवून सुलटा करतो. तेवढा वेळ तो चित्राकडे नीट पाहतो. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत राजाला वरखाली दोन डोकी असतात. ही एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली सोय जुगाऱ्यांची. पूर्वी एकडोकी राजा उलटा आला की माणूस पत्ता फिरवायचा आणि समोरच्याला कळायचं, याच्याकडे चित्र आलं. दोन डोकी आली नि फिरवणं थांबलं. जुगाऱ्याचा फायदा तो जादूगाराचा तोटा.

मग मी दहा राजेच वेगळे काढले आणि त्यांच्यावर एक साधा प्रयोग बसवला. गुपित सांगतो, कारण मुलांच्या पुस्तकांतसुद्धा ते सापडतं. थप्पीच्या तळाचा पत्ता आधी पाहून ठेवायचा. समोरच्यानं आपला पत्ता वर ठेवला आणि थप्पी कापली, की तळाचा ओळखीचा पत्ता बरोबर त्याच्या पत्त्यावर येऊन बसतो. पुढे सगळा बोलण्याचा खेळ.

दर्यापूरजवळच्या एका खेड्यात, २००७ च्या उन्हाळ्यात, लग्नघरच्या ओसरीवर मी हा प्रयोग केला. पोरांसाठी चालला होता, पण एक म्हातारी पुढे सरकली. तिनं पत्ता काढला, डोळ्याजवळ नेला, छातीशी धरला, ठेवला. मी जरा नाटक करून नरसिंह तिच्यापुढे धरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी वाजवेना. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"नरसिंव आमचं कुळदैवत हाय भाऊ," ती म्हणाली. "माहा पोरगा सुरतला गेला, दोन साल झाले, काई पत्ता नाई. तुमाले दिसते सारं. माह्या पोराचा पत्ता लावून द्या."

लुगड्याच्या गाठीतून तिनं अकरा रुपये काढून चादरीवर ठेवले.

मी म्हणालो, आजी, ही हातचलाखी आहे. तिला वाटलं, मी टाळतो आहे. मग जे जादूगारानं करू नये ते मी केलं. थप्पी तिच्या हातात दिली, तळाचा पत्ता दाखवला, पुन्हा कापायला लावली, सगळं उलगडून सांगितलं. पोरांना लगेच कळलं. तिनंही शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते समजलं भाऊ. पण दहातून माह्या हाताले नरसिंवच कसा लागला?"

याचं उत्तर आहे. दहातून एक पत्ता कुणीतरी काढणारच, आणि दुसरा निघाला असता तर ती टाळ्या वाजवून उठून गेली असती. हे गणित मी तिला सांगू शकलो नाही. अकरा रुपये परत घेताना तिचा चेहरा पडला, तो अजून डोळ्यांपुढे आहे.

ज्या काळात अबुल फजल आपल्या ग्रंथाची जुळवाजुळव करत होता, त्याच सुमारास, १५८४ साली, इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या एका माणसानं चेटकिणींच्या नावाखाली गरीब बायकांचा जो छळ चालला होता त्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं पत्त्यांच्या, नाण्यांच्या, चेंडूंच्या युक्त्या उघड करून दाखवल्या. जे अद्भुत दिसतं त्यामागे बोटं असतात, एवढंच त्याला लोकांना पटवायचं होतं. इंग्रजीतल्या जादूच्या जुन्यात जुन्या छापील वर्णनांत हे पुस्तक मोडतं. म्हणजे आमच्या कलेचं एक आद्य पुस्तक चमत्काराविरुद्ध लिहिलेलं आहे. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावात 'जादू' हा शब्द पाहून मला थोडं वाईट वाटलं होतं. पण लग्नघरची ती ओसरी आठवली की तक्रार करवत नाही.

आणि आपण तर गाडगेबाबांच्या मुलखातली माणसं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा जन्म, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात लहानपण, १९५६ साली वलगावजवळ शेवट. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांनी आपलं म्हणावं असा हा माणूस कुणाला पाया पडू देत नसे. माझ्या पायांवर मात्र एका फसव्या थप्पीमुळे डोकं टेकलं गेलं होतं.

देवांचे पत्ते मी कपाटात ठेवले. पाहायला काढतो, प्रयोगाला काढत नाही. पुढे 'आईन' वाचनात आलं आणि खजिन्यातला तोलणारा भेटला, तेव्हा वाट सापडली. वऱ्हाडचा खजिना कोणता? कापूस. मग दहा पत्ते दहा माणसांचे: पेरणारा, डवरणारा, निंदणारी, वेचणारी, गाडीवान, मापारी, अडत्या, हमाल, जिनमधला कामगार, गाठी बांधणारा. प्रधान म्हणून व्यापारी घेतला. राजा कोण, यावर घरात आठवडाभर वाद झाला. बळीराजा म्हणायची आपली रीत आहे, पण मुकुट घातलेला शेतकरी काढला तर बाजार समितीच्या आवारात कुणी हसेल आणि कुणी चिडेल, आणि चिडणाऱ्याचं काही चुकणार नाही. शेवटी शेतकरीच राजा केला. मुकुट नाही, डोक्याला दुपट्टा.

पत्ते चौकोनी, पातळ, पिसता येतील असे केले. चित्रं मुद्दाम एकडोकी ठेवली. पहिल्या खेपेत मापारी आणि अडत्या दोघेही टोपी घालून उभे होते. लोक गोंधळले. मग मापाऱ्याला काट्याजवळ वाकवला आणि अडत्याला गादीवर बसवला. हातभर अंतरावरून, एका नजरेत, न वाचता ओळखू यावं एवढी एकच कसोटी. बारीक नक्षी सगळी पुसून टाकली. छापखान्यात कापताना पाठीमागचं चित्र केसभर सरकलं आणि अर्ध्या पत्त्यांची पाठ वेगळी दिसू लागली. अशा पत्त्यांनी जादू केली तर ती जादू नव्हे, लबाडी. तो सगळा गठ्ठा रद्दीत घालून पाठीला पांढरी चौकट ठेवून पुन्हा छापून घेतले.

गेल्या दिवाळीनंतर आकोटकडच्या एका गावात हे पत्ते घेऊन बसलो होतो. शेतातून परतलेल्या बाया भोवती उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं पत्ता काढला, ठेवला, थप्पी कापली. मी थोडं इकडचं तिकडचं बोललो आणि कापूस वेचणारी तिच्यापुढे धरली.

"हेच हाय माही," ती म्हणाली. मग पत्ता माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला आणि शेजारणीला दाखवला. "पण भाऊ, हिची ओटी अशी कशी बांदली? वाकन तं सारा कापूस सांडन."

दोघी-तिघींनी पत्ता फिरवून पाहिला आणि मान हलवली. एकीनं स्वतःच्या कमरेला पदर खोचून गाठ कुठं येते ते दाखवलं. ते चित्र बदलायला टाकलं आहे.