डेव्हिस, ड्वाइट फिली

डेव्हिस, ड्वाइट फिली : (५ जुलै १८७९ – २८ नोव्हेंबर १९४५). अमेरिकन टेनिसपटू, राजकारणी व डेव्हिस चषकाचे दाते. जन्म मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथे. आजोबांनी कापडाच्या घाऊक व्यापारात उभारलेली दौलत घरात होती. १९०३ मध्ये डेव्हिस यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली कधी केली नाही.

डेव्हिस डावखुरे होते. होल्कम वॉर्ड यांच्या जोडीने त्यांनी १८९९ ते १९०१ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना १८९९ मध्ये ते तिथल्या काही खेळाडूंबरोबर पॅसिफिक किनाऱ्यावर सामने खेळायला गेले होते. तिथली गर्दी आणि उत्साह पाहून, देशादेशांत अशा लढती का होऊ नयेत, हा विचार विशीतल्या डेव्हिस यांच्या मनाने घेतला. त्यांनी स्वतःच्या पैशाने चांदीचे मोठे वाडगे घडवून घेतले. वजन २१७ ट्रॉय औंस, म्हणजे पावणेसात किलो. त्यावर ‘आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस आव्हान चषक’ अशी अक्षरे होती. ‘डेव्हिस चषक’ हे नाव लोकांनी रूढ केले. ऑगस्ट १९०० मध्ये बॉस्टनजवळच्या लाँगवुड क्लबवर पहिली लढत झाली. कर्णधार डेव्हिस एकेरीत आणि वॉर्डबरोबर दुहेरीतही जिंकले, आणि अमेरिकेने ब्रिटिश संघाला ३-० असे हरवले. विजेत्यांची नावे कोरता कोरता वाडग्यावर जागा उरेना, तेव्हा १९२१ मध्ये त्यांनीच जोडीला चांदीचे तबक दिले.

चषकाच्या झगमगाटात त्यांचे सेंट लुइसमधले काम झाकले जाते, आणि खरे तर तेच अधिक मोलाचे आहे. १९११ ते १९१५ या काळात ते शहराचे उद्यान आयुक्त होते. बागा गवत जपण्यासाठी नसून माणसे घडवण्यासाठी आहेत, अशी त्यांची धारणा होती. तोवर खासगी क्लबांच्या कुंपणाआड असलेला टेनिस त्यांनी नगरपालिकेची कोर्टे बांधून सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत नेला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील म्यूज-आर्गॉन लढाईतील शौर्याबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. १९२० मध्ये सिनेटची उमेदवारी मात्र हुकली. अध्यक्ष कूलिज यांच्या मंत्रिमंडळात ते १९२५ ते १९२९ युद्धमंत्री होते. इंग्लंडमध्ये यांत्रिक फौजेच्या कवायती पाहून आल्यावर त्यांनी अमेरिकी सैन्यातही तसाच प्रयोग करण्याचा आदेश दिला. पुढे १९३२ पर्यंत ते फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते.

डेव्हिस चषक स्पर्धेत भारत १९२१ पासून खेळतो. १९७४ मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारताने अंतिम फेरी गाठली होती. समोर वर्णद्वेषी राजवटीचा दक्षिण आफ्रिका होता. भारताने खेळायला नकार दिला आणि त्या वर्षीच्या विजेत्यांत दक्षिण आफ्रिकेचे नाव लागले.