रिबीट मारणाऱ्या दोघी

कढईचा कान निखळला की आपण ती लगेच मोडीत घालत नाही, रिबीट मारून आणतो. आजच्या गप्पा त्या रिबिटाच्याच आहेत, पण अमेरिकेतल्या.

तिकडे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर असतं. शेगडी, पलंग, कपाट, सगळं आत. वॉली बायम नावाचा माणूस या धंद्यात पडला तो बायकोमुळे, असं सांगतात. स्वयंपाकघर नसेल तर मी तंबूत राहायला येणार नाही, असं तिनं बजावलं होतं. आम्हाला ती बाई फार पटली! १९३६ साली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीनं ‘क्लिपर’ नावाची गाडी काढली. अंग सगळं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, विमानासारखं रिबिटांनी जोडलेलं. पुढे महायुद्ध आलं, ॲल्युमिनियम विमानांकडे गेलं आणि कारखाना बंद पडला.

पुरुष लढाईवर गेले, तेव्हा ती विमानं जोडायला बायका कारखान्यांत शिरल्या. रिबीट मारायला दोघी लागत. एकीनं बाहेरून हवेच्या बंदुकीनं ठोके द्यायचे, दुसरीनं आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे आतलं टोक चपटं होऊन घट्ट बसतं. मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसत नाही. आवाज असा की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून खूण द्यायची. १९४३ साली नॉर्मन रॉकवेल यांनी मांडीवर बंदूक घेतलेल्या ‘रोझी’चं चित्र काढलं आणि ते घराघरांत पोचलं. ठोकळा धरणारी मात्र त्या चित्रात नाही.

युद्ध संपल्यावर बऱ्याच जणींना घरी पाठवलं. चाकांवरची घरं पुन्हा बनू लागली.

ती जुनी घरं आज हौशी लोक दुरुस्त करतात. खाली लोखंडी सांगाडा, वर ॲल्युमिनियम. दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते. दाराच्या मुठी जस्ताच्या ओतीव. तुटली तर सहजी सांधत नाही, आणि बनवणारेही राहिले नाहीत. मग चांगली मूठ वाळूत दाबून साचा करतात नि नवी ओततात. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नमुना आधीच थोडा मोठा करावा लागतो. नाहीतर मूठ बसतच नाही.

सगळंच जपावं असं आम्हाला वाटत नाही. साठच्या दशकापासून या गाड्यांच्या आसात रबराच्या कांड्या आहेत. रबर कडक झालं की अख्खा आस बदलावा लागतो. गॅसची नळी आणि रेग्युलेटर तर नवेच हवेत, कितीही जुनी हौस असो.

पत्रा बदलताना आतलं अस्तर काढलेलं असेल, तर आजही दोघं लागतात. एक बाहेर बंदूक घेऊन, एक आत ठोकळा धरून.