अरण्याने झाकलेली गावे : शुमावाचा वाङ्मयीन इतिहास

चेक प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्येला, बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या सीमेलगत पसरलेल्या वनाच्छादित पर्वतरांगेला चेक भाषेत 'शुमावा' म्हणतात; जर्मनमध्ये 'ब्योमरवाल्ड', म्हणजे बोहेमियाचे अरण्य. चेक नावाचे नाते सळसळ सुचवणाऱ्या क्रियापदाशी जोडले जाते. एका भाषेला जंगलाचा आवाज ऐकू आला आणि दुसरीला त्याची मालकी महत्त्वाची वाटली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण मालकीचा प्रश्न येथे दोन्ही भाषांनी सारख्याच अट्टहासाने विचारला आहे.

१९६३ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाने हा प्रदेश 'संरक्षित भूदृश्य क्षेत्र' म्हणून घोषित केला. १९७० मध्ये पलीकडे बव्हेरियात जर्मनीचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९१ मध्ये अलीकडच्या गाभ्याचेही राष्ट्रीय उद्यान झाले. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांतून या जंगलाला 'अस्पर्श' असे विशेषण लावलेले आढळते. आमचा आक्षेप या विशेषणाला आहे, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनीच घ्यावा असा आहे.

या अरण्याला माणसाचा स्पर्श फार पूर्वीच झाला होता. १७८९ मध्ये श्वार्झेनबर्ग सरदारांच्या सेवेतील योसेफ रोझेनाउअर याने डोंगरउतारांवरून एक कालवा खोदायला घेतला. व्हिएन्नाच्या चुलींना लागणारे सरपण या पाण्यावरून वाहत डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरवायचे, ही त्यामागची योजना. ज्या उतारांचे पाणी एरवी व्ल्तावा आणि एल्बे नद्यांतून उत्तर समुद्राला मिळायचे, तिथली लाकडे आता उलट दिशेला काळ्या समुद्राच्या खोऱ्यात जाऊ लागली. पुढे १८५८ मध्ये याच घराण्याने बोउबीन डोंगरावरचा आदिम वनखंड तोडीपासून वगळला. एकाच घराने तोडायचेही आणि राखायचेही! संरक्षणाच्या कल्पनेचा हा उगम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आडालबेर्ट श्टिफ्टर (१८०५–१८६८) याच प्रदेशातल्या ओबरप्लानचा. आजचे होर्नी प्लाना. जर्मन गद्यातला संथ, तपशीलप्रिय निसर्गलेखक अशी त्याची ख्याती. १८४० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेली त्याची 'होखवाल्ड' ही दीर्घकथा मात्र नुसते निसर्गवर्णन म्हणून वाचणे हा तिच्यावर अन्याय आहे. काळ तीस वर्षांच्या युद्धाचा. एक सरदार आपल्या दोन मुलींना डोंगरातल्या सरोवराकाठी लाकडी घरात लपवून ठेवतो. तिथल्या कड्यावरून त्या रोज दुर्बिणीने दूरचा आपला किल्ला न्याहाळतात, आणि एके दिवशी दुर्बिणीत किल्ल्याचा भग्न अवशेष दिसतो. मुली परत जातात, पण त्या परतण्याला काही अर्थ उरलेला नसतो. शेवटी म्हातारा वनरक्षक ग्रेगोर ते लाकडी घर जाळून टाकतो आणि त्या जागी बिया पेरतो. अरण्य माणसाची खूण पुसून टाकते.

वर्गात निसर्गलेखन शिकवताना आम्हांला हा शेवट वारंवार आठवतो. ग्रेगोरच्या कृतीत शोक आहे तसे समाधानही आहे, आणि ते समाधान शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला पचणे अवघड आहे. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५–४६ मध्ये, शुमावातल्या जर्मनभाषक रहिवाशांना देशाबाहेर घालवण्यात आले. १९४८ च्या साम्यवादी सत्तांतरानंतर सीमेलगत निषिद्ध पट्टा आखला गेला, काटेरी तारा आल्या आणि काही काळ त्यांतून वीजही खेळवली गेली. ओस पडलेली गावे पाडण्यात आली. क्नीझेत्सी प्लान्ये येथील चर्च १९५६ मध्ये उडवून देण्यात आले. दफनभूमीची डागडुजी व्हायला १९८९ ची क्रांती उलटून जावी लागली. व्ल्तावावर लिप्नोचे धरण झाले आणि श्टिफ्टरच्या गावाखालची खोऱ्यातली कुरणे पाण्याखाली गेली. उरलेल्या जोत्यांवर बर्च आणि स्प्रूस उगवले. पुढे ज्याला 'अस्पर्श' म्हटले गेले त्या अरण्याचा बराच भाग हा असा आहे. बियाही पेराव्या लागल्या नाहीत.

जनावरांनीही ही सीमा मनावर घेतली. तारा निघून दोन दशके लोटल्यावरही लाल हरणे पूर्वीच्या कुंपणरेषेपाशी थबकतात, असे संशोधकांना गळपट्ट्यांच्या नोंदींवरून दिसून आले. कुंपण कधीही न पाहिलेली ही हरणे आयांच्या मागे चालत त्याच वाटा शिकली होती.

कारेल क्लोस्टरमान (१८४८–१९२३) याची गोष्ट निराळी. घरची भाषा जर्मन, पिल्झेनमध्ये जर्मन शाळेत शिक्षकाची नोकरी, आणि कादंबऱ्या मात्र चेकमध्ये. दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवाद्यांना असा माणूस गैरसोयीचाच. १८७० च्या ऑक्टोबरातल्या प्रचंड वादळाने शुमावातले स्प्रूस आडवे केले. पाठोपाठ साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा उच्छाद आला, मजुरांचे लोंढे आले, पैसा आला आणि गेला. क्लोस्टरमानच्या लेखनातला निसर्ग अशा हिशेबांत गुंतलेला आहे. वनरक्षक, हमाल, दारिद्र्य, हिमात अडकलेली घरे यांच्यावाचून त्याला झाड दिसतच नाही. कलावंत म्हणून श्टिफ्टर थोर, यात आम्हांला शंका नाही. पण या प्रदेशाचा साक्षीदार म्हणून आम्ही क्लोस्टरमानला अधिक मानतो.

१९९० च्या दशकात सीमेच्या दोन्ही अंगांना भुंगेऱ्यांनी पुन्हा जंगल वाळवले, आणि जानेवारी २००७ मध्ये किरिल नावाच्या वादळाने आणखी झाडे पाडली. पडलेली झाडे उचलायची की तिथेच कुजू द्यायची, यावर मोठा वाद पेटला. २०११ मध्ये तोड रोखण्यासाठी आंदोलक जंगलात ठाण मांडून बसले. एका पक्षाला करडी पडलेली खोडे म्हणजे हेळसांड वाटत होती, दुसऱ्याला त्याच खोडांखाली नवे अरण्य दिसत होते. आज त्या उतारांवर वठलेल्या खोडांमधून तरुण स्प्रूस आणि रोवन वाढताना दिसतात. प्लेश्ने सरोवरावरच्या कड्यावर १८७७ मध्ये उभारलेला श्टिफ्टरचा दगडी स्तंभ त्या वठलेल्या झाडांमुळे आता पूर्वीपेक्षा उघडा पडला आहे.