देवगिरी (दौलताबाद)
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ऐतिहासिक नगर व डोंगरी किल्ला. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने तिच्यावर स्वारी केली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने येथे राजधानी हलवून नगराला दौलताबाद हे नाव दिले. पुढे बहमनी, निजामशाही आणि १६३३ पासून मोगल अंमल आला.

सुमारे २०० मी. उंचीच्या डोंगराचे कडे खालच्या बाजूस उभे तासले असून भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. तो ओलांडल्यावर ‘अंधारी’ हा वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. दुर्गरचनेतील इतका कल्पक बंदोबस्त क्वचितच आढळतो.

सत्तांतराचा सर्वांत बोलका पुरावा पायथ्याच्या जामा मशिदीत आहे. कुत्बुद्दीन मुबारक खलजीने १३१८ मध्ये बांधलेल्या या वास्तूत जुन्या मंदिरांचे कोरीव खांब ओळीने उभे आहेत. विसाव्या शतकात तेथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. खांब मात्र तेच राहिले. जवळचा सु. ६४ मी. उंच चांदमिनार बहमनी काळातला (१४४५). चिनी महालाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याच महालात औरंगजेबाच्या कैदेत होता. मागील टोकास मेंढ्याचे मुख असलेली मेंढा तोफ प्रसिद्ध आहे. वरची बारादरी शाहजहानच्या काळातली आहे.