इशारा आणि निवारा : बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा इतिहास

धोका आणि आपत्ती हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. चक्रीवादळ हा धोका आहे. त्याची आपत्ती होते की नाही, हे मात्र किनाऱ्यावर कोण, कुठे आणि कशा घरात राहते यावर ठरते. बंगालच्या उपसागराचा इतिहास पाहिला की हा फरक स्पष्ट होतो.

हेन्री पिडिंग्टन यांनी कोलकात्यात जहाजांच्या नोंदवह्या तपासून वादळांचा अभ्यास केला. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. सुंदरबनाजवळ मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचे ठरत होते, तेव्हा 1853 मध्ये त्यांनी गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना पत्र लिहून सांगितले की, वादळाबरोबर चढणारे समुद्राचे पाणी हे बंदर बुडवेल. तरीही कॅनिंग बंदर बांधले गेले. 1867 च्या वादळात त्याची वाताहत झाली. ज्ञान होते, पण निर्णय घेणाऱ्यांनी ते मानले नाही.

दरम्यान 1864 च्या कोलकाता वादळात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बंदरासाठी इशारा यंत्रणा सुरू झाली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. जहाजांना आता इशारा मिळू लागला. पण किनाऱ्यावरच्या झोपडीतील माणसाने तो इशारा ऐकून जायचे कुठे?

हा प्रश्न 1999 मध्येही सुटला नव्हता. 29 ऑक्टोबरला ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. अंदाज वर्तवला गेला होता, पण पक्के निवारे मोजकेच होते. सुमारे 10,000 लोक मरण पावले. एरसमा भागात समुद्राचे पाणी गावेच्या गावे घेऊन गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ओडिशाने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. पुढे किनाऱ्यावर खांबांवर उभे असलेले निवारे बांधले गेले. खालून पाणी वाहून जाते आणि वरचा मजला सुरक्षित राहतो. एरवी तेथे शाळा भरते, त्यामुळे इमारत वापरात राहते आणि वाट गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, सराव होऊ लागले. 2013 मध्ये फायलिन वादळ आले, तेव्हा सुमारे 10 लाख लोकांना आधीच हलवले होते. मृतांची संख्या शंभरच्या आत राहिली. पिके आणि घरांचे नुकसान मात्र प्रचंड झाले, हेही लक्षात ठेवा.

या इतिहासातून एक गोष्ट घ्या : अंदाज कितीही अचूक असला तरी तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचला पाहिजे आणि त्या घरातील माणसाला चालत जाता येईल अशी सुरक्षित जागा हवी.

स्वाध्याय : तुमच्या जिल्ह्यातील मुख्य धोका कोणता? त्याचा इशारा कोण देतो? तो मिळाल्यावर तुमच्या शेजारच्या वृद्ध व्यक्तीला कोण, कुठे नेईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तयारी तिथूनच सुरू करा.