पेट्रोल पंपांतील इलेक्ट्रॉनीय सामग्रीचे हवामानापासून संरक्षण

पेट्रोल, डीझेल यांसारखी इंधने भूमिगत टाकीतून उपसून, मोजून व त्यांची किंमत दर्शवून वाहनाच्या टाकीत सोडणाऱ्या यंत्रास इंधन वितरण यंत्र अथवा रूढ भाषेत पेट्रोल पंप म्हणतात. बोलण्यात हा शब्द यंत्राला आणि ते उभे असते त्या जागेलाही लावला जातो. प्रस्तुत नोंदीत तो यंत्रापुरताच वापरला आहे. हे यंत्र बारमाही उघड्यावर उभे असते. त्याच्या शीर्षभागी आकडे दाखविणारी नाजूक विद्युत् मंडले असतात, तर पायाशी ज्वालाग्राही बाष्पाचा वावर असतो. पाणी आत येऊ न देणे आणि ठिणगी बाहेर जाऊ न देणे ह्या दोन गरजा वरवर पाहता घट्ट बंद पेटी ह्या एकाच उपायाने भागतील असे वाटते. प्रत्यक्षात त्या कित्येकदा परस्परविरोधी ठरतात आणि या यंत्राच्या गेल्या काही दशकांतील विकासाचा बराचसा भाग ह्या विरोधातून वाट काढण्यातच खर्ची पडला आहे.

पुणे शहर हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण होय. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथील वार्षिक पाऊस मुंबईच्या जवळजवळ एकतृतीयांश, म्हणजे सु. ७०० मिमी.हून थोडा अधिक असतो. त्यामुळे पुण्यात उघड्यावरील सामग्रीला फारसा धोका नसावा अशी समजूत होते. ती बरोबर नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० से.च्या आसपास जातो, दुपारी तापलेल्या पत्र्यावर वळवाची सर अचानक कोसळते, तिच्याबरोबर धूळ, वारा व विजांचा कडकडाट असतो. त्यानंतर जून ते सप्टेंबर रिमझिम पाऊस व दमट हवा. सामग्रीच्या दृष्टीने एकूण पावसापेक्षा तापमानातील असे झटपट फेरबदलच अधिक हानिकारक असतात. बंद पेटीतील तापलेली हवा सरीबरोबर एकदम थंड होते, तिचा दाब घटतो आणि सांध्यांतून बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते. रात्री त्याच हवेतील बाष्पाचे मंडलफलकावर दव जमते. अशा रीतीने पावसाचा एकही थेंब आत न शिरता पेटी आतून ओली होते. यंत्रज्ञ यास पेटीचे ‘श्वसन’ म्हणतात.

इतिहास : इंधन मोजून देणारा पंप प्रथम अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ मध्ये इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे तयार केला. तो केरोसिनसाठी होता व दुकानाच्या आत ठेवला जाई. मोटारगाड्यांच्या प्रसाराबरोबर पंप रस्त्याच्या कडेला आला आणि तेव्हापासून त्याचा ऊनपावसाशी संबंध जडला. त्यानंतरच्या पंपांच्या माथ्यावर काचेचे मोठे नळकांडे असे. हाताने दांडा हलवून त्यात पेट्रोल चढवायचे, गिऱ्हाइकाने खुणेपर्यंतची पातळी डोळ्यांनी पाहायची व मग ते गुरुत्वाने गाडीत सोडायचे. ह्या पंपात विद्युत् नव्हती, त्यामुळे त्याला पावसाची भीती नव्हती. गिऱ्हाइकाचा विश्वासही सरळ काचेवर बसे, मधे कोणतेही गणित नसे.

१९३० च्या दशकात दट्ट्यांच्या मापकाला दंतचक्रांचे गणकयंत्र जोडून लिटर वा गॅलन आणि किंमत एकाच वेळी दाखविण्याची सोय झाली. उपसा करण्यासाठी विद्युत् चलित्र आले. पंपात विद्युत् शिरली ती प्रथम ह्या चलित्राच्या, त्याच्या स्विचाच्या व दिव्याच्या रूपाने. मोजणी मात्र पुढील जवळजवळ चाळीस वर्षे यांत्रिकच राहिली.

ही मोजणी इलेक्ट्रॉनीय होण्यास सूक्ष्म मंडलांच्या शोधाइतकाच इंधनाचा भावही कारणीभूत झाला. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांत किंमती इतक्या चढल्या की, अमेरिकेतील यांत्रिक गणकयंत्रांवर गॅलनला ९९·९ सेंटपेक्षा अधिक दर लावण्याची सोयच उरली नाही. तेथे काही काळ अर्ध्या गॅलनचा दर लावून विक्री करावी लागली. जो दर हवा तो कळ दाबून भरता येईल असे यंत्र आवश्यक झाले आणि सूक्ष्मप्रक्रियकाने ते शक्य केले.

भारतात ह्या धंद्याची सूत्रे दीर्घकाळ बर्मा-शेल, कॅलटेक्स व एस्सो यांसारख्या परदेशी कंपन्यांकडे होती. इंडियन ऑइल कंपनी १९५९ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ ते १९७६ या काळात परदेशी कंपन्या शासनाने ताब्यात घेतल्या. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या आकारास आल्या. पंप बनविण्याचे काम देशात लार्सन अँड टुब्रो व मिडको यांसारख्या उद्योगसंस्थांनी केले. यांत्रिक पंपांच्या जागी इलेक्ट्रॉनीय पंप टप्प्याटप्प्याने आले.

ठिणगीचा प्रश्न : पेट्रोलाचे बाष्प हवेच्या तीन ते चार पट जड असते. ते वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत व केबलींच्या चरांत साठते. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने सु. १·४ ते ७·६ टक्के असताना ते पेट घेते. उणे ४० से.च्या आसपासच्या तापमानालाही पेटण्याजोगे बाष्प त्यापासून निघत असल्याने पुण्याच्या हवेत ते सदैव सज्ज असते असेच म्हणावे लागेल.

अशा जागी विद्युत् सामग्री सुरक्षितपणे कशी वापरावी हे ज्ञान पेट्रोलाच्या धंद्यातून आलेले नसून कोळशाच्या खाणींतून आलेले आहे. जर्मनीत कार्ल बाइलिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी गेल्सेनकिर्खेन येथे प्रयोग करून दाखविले की, जाड धातूच्या पेटीच्या दोन रुंद काठांमधील फट पुरेशी अरुंद ठेवल्यास आत स्फोट झाला, तरी बाहेर पडणारी ज्योत त्या फटीत थंड होते व बाहेरचा वायू पेटत नाही. ज्वालारोधी पेटीचे तत्त्व हेच. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड खाणीतील स्फोटात ४३९ खाणकामगार मृत्यू पावले. संकेतघंटेच्या तारांतील ठिणगी हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर व्हीलर व थॉर्नटन यांच्या संशोधनातून दुसरे तत्त्व पुढे आले : मंडलातील ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवायची की, तार तुटली वा जोडली गेली, तरी पेट घेण्याजोगी ठिणगी पडणारच नाही. यास अंगभूत सुरक्षितता म्हणतात.

भारतात १९३४ चा पेट्रोलियम कायदा व त्याखालील १९३७, १९७६ व २००२ चे नियम यांनी हे ज्ञान कायद्याच्या चौकटीत आणले. धोकाक्षेत्रात वापरावयाच्या विद्युत् सामग्रीस नागपूर येथे मुख्यालय असलेल्या स्फोटक विभागाची (आता पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) मान्यता लागते. ज्वालारोधी पेट्यांची चाचणी दीर्घकाळ धनबाद येथील खाण संशोधन केंद्रात होत आली आहे. पेट्रोल पंपाच्या पेट्यांवर आजही कोळशाच्या खाणीचा वारसा उमटलेला दिसतो तो यामुळे.

दोन गरजांचा विरोध : ज्वालारोधी पेटी वायूला आत येण्यापासून अडवीत नाही, आत स्फोट होऊ शकतो असे गृहीत धरूनच ती बनविलेली असते. तिची सुरक्षितता धातूच्या दोन काठांमधील, मिमी.च्या काही दशांशांइतक्या फटीवर अवलंबून असते. पाणी झिरपते म्हणून एखाद्या कारागिराने ह्याच काठांमध्ये रबराचे गॅस्केट घातले किंवा सिलिकोनची लुकण भरली, तर पाणी थांबते, पण स्फोटाच्या दाबाने ते भरण उडून जाते आणि तेथे ज्योत बाहेर पडण्यास ऐसपैस वाट मिळते. गॅस्केट वापरायचेच तर ज्योतीचा धातुमार्ग अबाधित ठेवून त्याच्या जोडीला वेगळ्या खाचेत बसवावे लागते. काठांवर फार तर न सुकणाऱ्या ग्रीजचा पातळ हात चालतो. साठलेले पाणी निघून जावे म्हणून तळाला भोक पाडणे हा दुसरा असाच घातक उपाय. प्रमाणित निचरा-तोटीखेरीज कोणतेही भोक पेटीची मान्यता संपुष्टात आणते. एखादा बोल्ट हरवला म्हणून पेटी उरलेल्या बोल्टांवर चालविणे, किंवा नवीन केबल मोकळ्या भोकातून ओढून घेणे हेही त्याच पंक्तीतले. ह्या चुका निष्काळजीपणापेक्षा पावसापासून यंत्र वाचविण्याच्या सद्‌हेतूनेच अधिक होतात, म्हणून त्या ओळखणे कठीण जाते.

इलेक्ट्रॉनीय पंपात बहुधा तिन्ही मार्ग एकत्र वापरलेले असतात. चलित्र व त्याची जोडपेटी ज्वालारोधी असतात. मापकाजवळील संवेदक अंगभूत सुरक्षित मंडलावर चालतात. गणन व दर्शन करणारे शीर्ष हे खालच्या द्रव-कक्षापासून बाष्परोधी पडद्याने अगर मोकळ्या हवेच्या पट्ट्याने अलग केलेले असते आणि त्यातून जाणाऱ्या केबली लुकणभरल्या ग्लँडमधून नेलेल्या असतात. अशा शीर्षाला पावसाविरुद्धचे गॅस्केट निर्धास्तपणे लावता येते, पण खालचा पडदा शाबूत असेल तरच. वरून घट्ट व खालून फटीचे शीर्ष हे सर्वांत वाईट, कारण त्यात आलेले बाष्प बाहेर पडूच शकत नाही.

पेटीचा पाणी व धूळ रोखण्याचा दर्जा दोन अंकांनी सांगतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा; उदा., ५४ म्हणजे धूळ बव्हंशी रोखणारी व चोहोबाजूंच्या शिंतोड्यांना दाद न देणारी पेटी, ६५ म्हणजे धूळ पूर्णपणे रोखणारी व पाण्याच्या झोतालाही पुरून उरणारी. हा दर्जा स्फोटाविषयी काहीच सांगत नाही, आणि ज्वालारोधी प्रमाणपत्र पावसाविषयी फारसे बोलत नाही. खरेदी करणारा पुष्कळदा एकालाच दुसरे समजतो. श्वसनामुळे येणाऱ्या ओलीवर मंडलफलकाला ॲक्रिलिक वा सिलिकोनाचा पातळ लेप देणे, आर्द्रताशोषक ठेवणे व जोडण्यांना सोनेरी मुलामा देणे हे उपाय योजतात. मुंग्या व पाली यांचा विचार मात्र परदेशी आराखड्यांत क्वचितच असतो. उबदार शीर्षात शिरून मंडल बंद पाडण्यात त्यांचाही वाटा असतो.

पूर हा निराळा विषय आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने शहराच्या दक्षिण भागात हाहाकार उडविला. झोतापासून वाचविणारी पेटी बुडण्यापासून वाचवीत नाही. पाण्याखाली गेलेला पंप वरून कोरडा दिसला, तरी उघडून, वाळवून व विद्युत् निरोधन तपासून झाल्यावाचून त्यात वीज सोडता येत नाही.

मापाची विश्वसनीयता : मापकाचा दंड फिरतो तसतसा त्यावरील स्पंदजनक ठराविक संख्येने स्पंद सोडतो, लिटरला १०० स्पंद असतील, तर प्रत्येक स्पंद १० मिलि.चा होतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात बरेच गिऱ्हाईक एकदोन लिटरच पेट्रोल घेते, म्हणून थोड्या स्पंदांची चूकही तेथे जाणवण्याजोगी असते. ओल शिरून एखादा स्पंद गळाला तर विक्रेत्याचे नुकसान, खोटा स्पंद वाढला तर गिऱ्हाइकाचे. म्हणून स्पंदजनकाला दोन वाहिन्या देतात व त्यांचा मेळ न जमल्यास यंत्र आपोआप थांबते. तपासणीसाठी प्रत्येक विक्रीकेंद्रावर ५ लिटरचे प्रमाणित माप असते. पाच लिटरमागे २५ मिलि.पर्यंतची चूक क्षम्य मानतात. गिऱ्हाइकाने मागितल्यास ते माप भरून दाखवावे लागते.

वैधमापन खात्याची मोहोर स्पंदजनकावर असते. ओल काढण्यासाठी तो भाग उघडला की मोहोर तुटते व यंत्राची फेरपडताळणी करावी लागते. चांगले पर्जन्यसंरक्षण हे मापाच्या सचोटीचेही संरक्षण असते ते ह्या अर्थाने, कारण जे झाकण वरचेवर उघडावे लागत नाही त्याच्यावरील मोहोरेला काही अर्थ राहतो. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पंपांत चोरून बसविलेल्या इलेक्ट्रॉनीय चिप सापडल्या व त्यानंतर ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी असेच प्रकार उघडकीस आले. दुरुस्तीच्या निमित्ताने उघडलेली पेटी हीच अशा हस्तक्षेपाची सोयीची संधी असते. त्याच वर्षी १६ जूनपासून देशभर इंधनाचे दर रोज बदलू लागले. दर दूरवरून पंपात उतरविण्यासाठी संदेशवाहक केबली वाढल्या, म्हणजे पेटीत शिरणारी भोकेही वाढली.

एथॅनॉल व पाणी : ५ जून २०२१ रोजी पुण्यातील तीन केंद्रांवर निव्वळ एथॅनॉल विकण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. २०२३ पासून २० टक्के एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. त्याआधी त्याचा वाहनांतील सुट्या भागांवर होणारा परिणाम तपासण्याच्या कामात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचा सहभाग होता. ह्या इंधनाने पर्जन्यसंरक्षणाची सीमा यंत्राच्या शीर्षापासून टाकीच्या तळापर्यंत वाढविली. साध्या पेट्रोलात पाणी गेले तर ते तळाशी वेगळे बसते. एथॅनॉल ते काही प्रमाणापर्यंत आपल्यात सामावून घेते. ते प्रमाण ओलांडताच पाणी व एथॅनॉल मिळून तळाशी उतरतात आणि उपसानळी तोच थर वाहनात चढवते. टाकीच्या भरणतोंडाचे झाकण, वायुनळीची टोपी व मोजपट्टीचे छिद्र यांतून येणारे पावसाचे पाणी म्हणून आता अधिक महागात पडते. ते वेळीच कळावे यासाठी टाकीत पातळीमापक संवेदक सोडतात. सदैव बाष्पाने भरलेली टाकीची आतली जागा ही धोक्याची सर्वोच्च श्रेणी असल्याने तेथे केवळ अत्युच्च प्रतीची अंगभूत सुरक्षित मंडलेच चालतात. जुन्या पद्धतीचा, पाणी लागताच रंग बदलणारा लेप मोजपट्टीला लावून केलेली परीक्षा एथॅनॉलमिश्रित इंधनात भरवशाची ठरत नाही; त्यासाठी निराळा लेप वापरावा लागतो.